ड्रॅग शर्यतीतील सिलिंडर हेडची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

यंत्रांच्या इतिहासात शोधाला अग्रस्थान मिळते. तो शोध कोणाच्या हाती आणि कोणत्या किमतीला पडला, हा प्रश्न बहुधा दुय्यम मानला जातो. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीच्या आधारे या समजुतीची तपासणी करण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

ड्रॅग शर्यतीत दोन मोटारी स्थिर अवस्थेतून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. इंजिनात हवा किती मोकळेपणाने येते-जाते यावर त्याची शक्ती अवलंबून असल्याने स्पर्धकांपुढील कळीचा प्रश्न सिलिंडर हेडचाच होता.

आरंभी बहुतेकांकडे फोर्डचे १९३२ पासूनचे व्ही-आठ इंजिन असे. २२१ घनइंचांचे हे मूळ इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. त्यात झडपा सिलिंडरशेजारी ठोकळ्यातच बसवलेल्या असून हेड केवळ झाकणासारखे होते. ते तासून खाली आणले की दाब वाढे; परंतु झडपेपासून सिलिंडरकडे जाणारी वाट तेवढीच अरुंद होई. शिवाय जळालेला तप्त वायू ठोकळ्यातूनच बाहेर पडत असल्याने इंजिन तापे.

यावरील तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट उपाय झोरा आर्कस-डंटोव्ह व त्यांचे बंधू युरा यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधला. ‘आर्डन’ या नावाच्या त्यांच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये ज्वलनकक्ष अर्धगोलाकृती होता व झडपा सिलिंडरच्या माथ्यावर समोरासमोर बसत. विशेष म्हणजे हे हेड मुळात शर्यतीसाठी नव्हे, तर तापणाऱ्या मालमोटारींसाठी योजले होते. मात्र ते महाग होते, मोजकेच संच तयार झाले आणि जुन्या ठोकळ्याच्या मर्यादा कायम राहिल्या. झोरा पुढे १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये गेले.

१९५१ मध्ये हीच अर्धगोलाची कल्पना क्रायस्लरच्या कारखान्यातून विक्रीला आली. तेव्हाचे कॅडिलॅक इंजिन व हे नवे इंजिन, दोन्ही ३३१ घनइंचांची. कॅडिलॅकची शक्ती १६०, तर क्रायस्लरची १८० अश्वशक्ती. ही तुलना बोलकी आहे. तथापि हे हेड जड व खर्चिक असल्याने १९५८ नंतर क्रायस्लरने ते सोडून पाचरीच्या आकाराचा ज्वलनकक्ष असलेली हेड स्वीकारली.

नेमक्या याच टप्प्यावर शर्यतपटू उलट दिशेने गेले. कंपनीने टाकलेली इंजिने मोडीच्या बाजारात मिळू लागली होती. फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्स यांनी ३९२ घनइंचांच्या क्रायस्लर इंजिनावरच नाव मिळवले. अर्धगोलाकृती कक्षात दाब वाढविण्यासाठी पिस्टनचा माथा उंच घुमटासारखा करावा लागतो व त्यामुळे ज्वालेचा प्रसार अडतो. सुपरचार्जरने हवा कोंबली जात असताना हा घुमट अनावश्यक ठरला. मोठ्या मोटारीतला दोष येथे दोष उरला नाही. म्हणूनच या निवडीचे श्रेय केवळ अभियंत्यांना देणे मला अपुरे वाटते; मोडीवाल्याचा त्यात रास्त वाटा आहे.

कंपनीला आपली चूक उमगली असावी, कारण १९६४ मध्ये तिने ४२६ घनइंचांचे अर्धगोलाकृती इंजिन खास शर्यतीसाठी आणले व त्या वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये रिचर्ड पेटी यांनी त्यावर विजय मिळवला. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान ड्रॅग वर्गातील शर्यत २००८ पासून १००० फुटांची झाली आहे. तेथील ५०० घनइंचांची इंजिने आता क्रायस्लर बनवीत नाही, आणि ॲल्युमिनियममधून कोरलेल्या त्यांच्या हेडमध्ये पाण्याची वाटही नसते. प्रत्येक सिलिंडरला समोरासमोर दोन झडपा ही मांडणी मात्र तशीच आहे.