पाटी कुणाची, खडू कुणाचा



आमच्या गटात आम्ही दोघी-तिघी संध्याकाळी बायकांना लिहायला-वाचायला शिकवतो. एकदा आम्ही फळ्यावर गणित घातलं, हजारात पंचवीस किती वेळा? आम्ही भागाकार मांडतोय तोवर मागून एक मावशी म्हणाल्या, "चाळीस." मावशी सोलापूर शहरात वाढलेल्या, लहानपणापासून विड्या वळलेल्या. पंचवीस विड्यांचं एक बंडल, हजार विड्यांची चाळीस बंडलं. हा हिशेब त्यांच्या बोटांत बसलेला. आणि पहिल्या दिवशी वहीत त्यांच्या नावापुढे आम्हीच लिहिलं होतं, "काही येत नाही."

त्या रात्री आम्हाला आपल्याच इतिहासाची आठवण झाली.

सावित्रीबाई फुले १८३१ साली नायगावला जन्मल्या. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना शिकवलं, मग त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींच्या शाळेत त्या शिकवायला उभ्या राहिल्या. शेण-चिखल झेलत त्या शाळेत जात, हे आपण सगळ्या जाणतो. पण अक्षर न येणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः भोगलं होतं, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

फुल्यांच्याच शाळेत मुक्ता साळवे शिकली. मातंग समाजातली मुलगी, वय अवघं १४ वर्षांचं, शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, 'मांग-महारांच्या दुःखाविषयी'. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे किती हाल होतात, हे तिने त्यात लिहिलं. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, असं तिने देवालाच विचारलं.

मैत्रिणींनो, हे तिला कोणत्या पुस्तकात सापडलं असेल? शाळेने तिला अक्षर दिलं. सांगायचं काय, ते तिच्या घरातून आलं. शिकवणारे 'आम्हालाच सगळं कळतं' म्हणत बसले असते, तर त्या पोरीची लेखणी एवढी चालली असती का?

आपल्या जिल्ह्यातलंही उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पहिला नंबर आला तरी काम एकट्याचं नसतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आम्ही वहीतली ती ओळ खोडली. आता आठवड्यातून एक दिवस तोंडी हिशेब मावशी घेतात आणि आम्ही पाटी घेऊन समोर बसतो. पहिल्या दिवशी आमचीच दोन उत्तरं चुकली. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून, "चुकलं तर हसतील" म्हणून गप्प बसणाऱ्या बायका बोलायला लागल्या.

तुमच्या गटात कुणाच्या नावापुढे "काही येत नाही" असं लिहिलंय का? एकदा वही उघडून बघा. आणि तिला विचारा, "बाई, तुला काय येतं ते आम्हाला शिकव."