हेडलाइटमध्ये झेनॉन बल्ब टाकायचाय? आधी हा उजेड कुठे जातो ते समजून घ्या

रात्री गाडीचा उजेड कमी वाटायला लागला की मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि लगेच समोर येतात झेनॉन किट. ‘तिप्पट उजेड, कमी वीज, झटपट फिटिंग’ अशी जाहिरात असते. गंमत म्हणजे यात खोटं फारसं काही नसतं. फक्त हा तिप्पट उजेड रस्त्यावर पडेलच असं कोणी सांगितलेलं नसतं. तो नेमका कुठे जातो, का जातो आणि त्याऐवजी काय करता येईल, ते या लेखात पाहू.

झेनॉन बल्ब म्हणजे काय?

साध्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून उजळते. झेनॉन बल्बमध्ये ही तारच नसते. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात आणि आतल्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवली जाते. म्हणून याला एचआयडी, म्हणजे ‘हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज’ असंही म्हणतात. ठिणगी पेटवायला सुरुवातीला २० हजार व्होल्टच्या आसपास झटका लागतो. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून तो तयार करणारा डबा म्हणजे बॅलास्ट.

आता आकडे बघा. आपल्याकडे अनेक गाड्यांमध्ये असलेला एच४ हॅलोजन बल्ब लो बीमला ५५ वॅट घेतो आणि साधारण १,००० लुमेन प्रकाश देतो. डी२एस प्रकारचा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्ये साधारण ३,२०० लुमेन देतो. म्हणजे ‘तिप्पट’ हा शब्द खरा आहे.

मग घोळ कुठे होतो?

बल्ब प्रकाश चहूबाजूंना फेकतो. तो कुठे पडायचा हे ठरवतो मागचा रिफ्लेक्टर. आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा एकाच गृहीतकावर बनवलेला असतो: प्रकाश अमुक जागेवरून, अमुक आकाराच्या तारेतून येणार. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लेन्समागचा सेन्सर जरा सरकला तरी फोटो धूसर येतो, तसंच हे.

एच४ बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. जो प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर गेला असता, तो ही वाटी अडवते. त्यामुळे भिंतीवर लो बीम पाडला तर एक स्पष्ट रेषा दिसते: खाली उजेड, वर अंधार. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही रेषा डाव्या बाजूला थोडी वर चढते. कडेने चालणारा माणूस त्यामुळे दिसतो. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिथे समोरच्या ड्रायव्हरचे डोळे असतात.

झेनॉनची ठिणगी तारेपेक्षा जाड असते, किंचित वर वाकलेली असते आणि दोन्ही टोकांपाशी जास्त प्रखर असते. त्यात स्वस्त किटमध्ये तिची जागाही एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते. रिफ्लेक्टरला एवढा फरक पुरतो. रेषा विस्कटते आणि उजेड वर सांडतो.

समोरच्याला काय होतं?

प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की डोळ्याच्या आतच पसरतो आणि दृश्यावर पांढुरका पडदा येतो. वय वाढतं तसा हा त्रासही वाढतो. समोरची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ती सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकते. डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर ड्रायव्हर ५० मीटर अंदाजाने गाडी चालवतो.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर या ५० मीटरमध्ये काहीही असू शकतं: कडेने चालत जाणारं कुटुंब, बिनदिव्याची सायकल, किंवा साखर हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला दिसत नाहीये, तो तुमच्याच दिशेने येतोय. अपघात झाला तर त्यात तुम्हीही असाल.

निदान आपल्याला तरी जास्त दिसतं का?

वाटतं खरं. गाडीच्या अगदी पुढचा भाग झगझगीत होतो, म्हणून बरं वाटतं. पण डोळे त्या जवळच्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद भासतो. पाऊस किंवा घाटात धुकं असेल, तर वर सांडलेला उजेड थेंबांवरून परत तुमच्याच डोळ्यात येतो. ८,००० केल्विनचे निळसर बल्ब तर उजेडही कमी देतात, फक्त दिसायला ‘भारी’ वाटतात.

कंपनीतून झेनॉन आलेल्या गाड्यांचं काय?

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने ७ सीरीजमध्ये झेनॉन दिवे दिले, ते नुसता बल्ब बदलून नव्हे. अशा गाड्यांत दिव्याची अख्खी रचनाच झेनॉनसाठी केलेली असते. प्रोजेक्टरमध्ये पत्र्याची एक आड असते, ती वरचा उजेड कापते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार लो बीमचा बल्ब २,००० लुमेनच्या वर असेल, तर दिव्यांची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय लागते. मागच्या सीटवर तिघे बसले की गाडीचं नाक वर जातं, म्हणून पहिली अट. मळलेली काच उजेड विखुरते, म्हणून दुसरी. किटच्या खोक्यात यातलं काहीच येत नाही.

तुमच्या गाडीचा दिवा कशासाठी बनलाय, हे बऱ्याचदा काचेवरच लिहिलेलं असतं. ‘एचसी’, ‘एचआर’ किंवा ‘एचसीआर’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर तो हॅलोजनचा. ‘डीसी’, ‘डीआर’ किंवा ‘डीसीआर’ असेल तर झेनॉनचा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग उजेड वाढवायचा कसा?

१. काच बघा. हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. आधी ती पॉलिश करून घ्या. कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं.

२. दिव्यांचा कोन तपासा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. लो बीमची वरची रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. नेमका आकडा बऱ्याच गाड्यांत दिव्याजवळच टक्क्यांत छापलेला असतो.

३. वायरिंग तपासा. बल्बपर्यंत १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा, गरज असेल तर रिले लावून घ्या.

४. बल्ब बदला, पण वॅट तेवढेच ठेवा. चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचा नवा एच४ घ्या. १००/९० वॅटच्या बल्बने होल्डर वितळू शकतो.

आणि एलईडी किट?

अडचण तीच, कारण रिफ्लेक्टर तोच. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना मान्यता मिळाली आहे, पण तीसुद्धा तपासून ठरवलेल्या मॉडेलांपुरतीच.

गाडीत आधीच किट बसवलेलं असेल, तर एक सोपी चाचणी करा. मोकळ्या जागेत मित्राला गाडीत बसवून लो बीम लावायला सांगा आणि तुम्ही समोरून, ३० मीटरवरून, गाडीच्या उजव्या अंगाने चालत या. दिव्यांकडे बघताना डोळे मिटावेसे वाटले, तर किट काढून जुना हॅलोजन परत बसवा.