तबकडी बदलणारा माणूस

सरावली हे बोईसरला खेटून असलेलं, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यातलं गाव. लग्नसराई असो, गणपती असो की नवरात्र, संध्याकाळ झाली की या भागातल्या रस्त्यांवर टेम्पो दिसतात. त्यांवर एकावर एक रचलेली काळी खोकी, ताडपत्री, वायरींची भेंडोळी, आणि सगळ्यांत वर बसलेली दोन-चार पोरं. टेम्पोच्या मागे झगझगीत अक्षरांत लिहिलेलं असतं: अमुक साऊंड, तमुक डीजे. वर बसलेल्या पोरांपैकी एखाद्याला विचारा, पुढे काय करायचं ठरवलंयस? ‘डीजे व्हायचंय.’ त्यासाठी काय लागतं? तो लगेच यंत्रांची नावं आणि किमती सांगायला लागतो. त्यात त्याची चूक काही नाही, कारण दुकानात जे विकत मिळतं तेच डोळ्यांपुढे येतं. पण या धंद्याचा इतिहास पाहिला तर सुरुवात कशी होते, याचं उत्तर निराळंच दिसतं.

मुळात हा शब्द नाचाच्या मंडपातला नाही, रेडिओतला आहे. १९३५ साली अमेरिकेत विमानवीर लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण-खुनाचा खटला चालू होता. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर त्याच्या बातम्या येत. बातम्यांच्या मध्ये वेळ रिकामा राही. तिथल्या मार्टिन ब्लॉक नावाच्या निवेदकाने त्या फटीत ग्रामोफोनच्या तबकड्या लावायला सुरुवात केली, आणि जणू समोर एखादा वाद्यवृंदच बसला आहे अशा थाटात तो श्रोत्यांशी बोलू लागला. त्या काळी तबकडी वाजवणं म्हणजे रेडिओला कमीपणा मानला जाई. स्टुडिओत खरे वादक बसवायचे सोडून हे काय, असं लोक म्हणत. श्रोत्यांना मात्र ते आवडलं. अशा निवेदकांना पुढे ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्यांचा घोडेस्वार असं नाव पडलं. त्यात थोडी थट्टाच होती.

आपल्याकडचा सगळ्यांत मोठा घोडेस्वार कोण, हे वेगळं सांगायला नको. १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज परत आपल्या घरात यायचा. १९५७ मध्ये विविध भारती आली ती या धक्क्यानंतर. गाणी तीच, तबकड्याही त्याच. फरक होता तो कुठल्या गाण्यानंतर कुठलं लावायचं, आणि दोहोंच्या मध्ये काय बोलायचं, एवढ्याचाच.

गावात हेच काम लाउडस्पीकरवाला करीत होता. त्याची आठवण आता पुसट झाली आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. मुंबईच्या मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने १९३१ च्या कराची काँग्रेसपासून मोठ्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. सभेतला तो कर्णा हळूहळू लग्नात, सत्यनारायणात, गणपतीत आला. जिथे वीज नव्हती तिथे बॅटरीवर चाले. ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर भागात, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यात, गंमत अशी की तारापूरला अणुवीज १९६९ साली तयार होऊ लागली, आणि पुष्कळ आदिवासी पाड्यांवर दिवा लागायला त्यानंतरही बरीच वर्षं जावी लागली.

तर हा लाउडस्पीकरवाला येई. कर्णा आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला बांधी, मंडपाच्या कोपऱ्यात टेबल मांडी आणि पोरांना लांब उभं राहायला सांगे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं वाजे. तेवढ्यात पुढची तबकडी पुसायची, पोलादी पिन बदलायची, चावी द्यायची असेल तर द्यायची आणि एकीकडे मंडपात काय चाललंय ते बघायचं. नवरी बाहेर आली, गाणं बदला. जेवणावळ बसली, आवाज कमी करा. सोयरे रुसले, तर मात्र काही काळ गप्पच बसलेलं बरं. तबकड्यांची पेटी लहान असे, वीस-पंचवीस गाण्यांत दोन दिवस काढायचे असत. एवढ्या थोड्या मालावर मंडपाचा रंग राखणारा तो माणूस आजच्या डीजेचा थेट पूर्वज आहे, असं मला वाटतं. त्याला ‘कलाकार’ कोणी म्हटलं नाही. बिदागीच्या यादीत त्याचं नाव मांडववाल्याच्या खाली असे.

लाउडस्पीकरवाल्याचा भाऊबंद सातासमुद्रापार जमैका बेटावरही होता. किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात लोक मोठमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून तबकड्यांवर नाच करीत. त्या सरंजामाला ते ‘साऊंड सिस्टिम’ म्हणत. आपल्या टेम्पोमागचा ‘साऊंड’ हा शब्दही तोच. त्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत राहायला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीच्या सभागृहात नाच ठेवला, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट तिकीट लावलं. तबकड्या लावायला अठरा वर्षांचा भाऊ. ‘डीजे कूल हर्क’ या नावाने तो जगाला माहीत झाला.

हर्कने काय केलं? नाचणाऱ्यांकडे नीट पाहिलं. त्याच्या लक्षात आलं की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांची पोरं वाट पाहत असतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तो तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा. दहा-वीस सेकंदांचा ताल तो पाहिजे तेवढा वेळ खेळवू लागला. यासाठी नवं यंत्र शोधावं लागलं नाही, जे होतं तेच दोनदा घेतलं. हिपहॉप नावाचा सगळा पसारा त्यातून निघाला.

दोन गाणी जोडण्याचं तंत्र आपल्या भाषेत सांगायचं तर फार अवघड नाही. आपली बहुतेक नाचाची गाणी केरव्यात असतात. एक गाणं मिनिटाला शंभर ठोक्यांचं आहे, दुसरं एकशेआठचं. पहिल्याचा वेग आठ टक्के वाढवला की दोन्ही बरोबरीने चालतात. १९७२ साली बाजारात आलेल्या टेक्निक्सच्या प्रसिद्ध तबकडी-यंत्राची १९७९ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यावर अशी आठ टक्क्यांची सरकपट्टी होती. पण वेग जुळला म्हणजे काम झालं नाही. समेवर समच यावी लागते. पहिल्याची सम आणि दुसऱ्याची तिसरी मात्रा एकत्र आली, तर तबला न शिकलेल्या माणसाचाही पाय अडखळतो. आता संगणक हा हिशेब डोळ्यांसमोर मांडून देतो. त्यामुळे नव्या मुलांचं काम सोपं झालं, आणि कान थोडा आळशी झाला.

मधला काळ भराभर सांगतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि लाउडस्पीकरवाल्याची तबकड्यांची पेटी अडगळीत गेली. कॅसेट स्वस्त होती, पण त्यात नेमकं गाणं सापडेना, मग पेन्सिल घालून फीत गुंडाळत बसायचं. वरातीत ब्रास बँडच्या जोडीला बेंजो पार्टी आली, तिच्यात पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. कोळीगीतांच्या कॅसेटींनी किनारपट्टीवरच्या हळदीच्या रात्री गाजवल्या. नव्वदीत रिमिक्सची लाट आली. १९७२ च्या ‘समाधी’मधलं ‘काँटा लगा’ २००२ मध्ये नव्या ठेक्यावर पुन्हा वाजू लागलं, तेव्हा जुन्याजाणत्यांनी कपाळाला हात लावला होता. त्याच सुमाराला सीडी, मग लॅपटॉप, मग पेनड्राइव्ह. वीस-पंचवीस गाण्यांची पेटी गेली आणि खिशात वीस हजार गाणी आली. निवडायचं काम मात्र कमी झालं नाही, उलट वाढलं.

सरावली-बोईसरमध्ये तर ते फारच वाढलं. इथे वारली, मांगेला, भंडारी, वाडवळ आहेत, गुजरातची हद्द जवळ असल्याने गरबा आहे, आणि कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश-बिहारपासून ओडिशापर्यंतची माणसं आहेत. एका रात्रीत कोळीगीत, भोजपुरी, गरबा आणि तारपा हे सगळं मागितलं जातं, आणि एका गटाला नाचवताना दुसरा गट खुर्चीवर जाऊन बसू नये हे पाहावं लागतं. मुंबईच्या झगमगीत क्लबात वाजवणाऱ्याला ही परीक्षा क्वचितच द्यावी लागत असेल.

आता तारप्याकडे येतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि सगळं सांधायला मेण. वादक श्वास न तोडता वाजवत राहतो. तो मध्ये, आणि हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती. तो वळला की साखळी वळते, त्याने सूर बदलला की पाऊल बदलतं. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा नाचाचा दंडक. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतलं ते नाचाचं वेटोळं जगभर पोहोचलं. वेटोळ्याच्या मध्यभागी उभा असलेला माणूस आपलं लक्ष क्वचितच वेधून घेतो, पण साखळीचा वेग त्याच्या हातात असतो. जव्हारकडच्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती हा तारपा आयुष्यभर फुंकल्याबद्दल.

वारली लग्नात तर धवलेरी असते. लग्न लावणारी ही बाई, तिची गाणी म्हणजेच तिथले मंत्र. तिच्या गाण्याला भिंतीएवढी खोकी लागत नाहीत. पण शेजारच्या अंगणात ती लागली, तर तिचं गाणं कुणाला ऐकू येणार? हा प्रश्न मला डेसिबलच्या वादापेक्षा मोठा वाटतो.

अर्थात डेसिबलचा वादही खोटा नाही. आपल्याकडे स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते फितीवरची खरखर कमी करून! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उचलून धरलं. २०१८ च्या गणेशोत्सवात विसर्जनाच्या डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. कर्ज काढून खोकी घेतलेल्यांना तो मोठा फटका होता, आणि दोन वर्षांत करोनाने लग्नंच पन्नास माणसांवर आणली.

कायदा शेजाऱ्याच्या कानाची काळजी करतो. खोक्याला सगळ्यांत जवळ उभा असतो तो वाजवणारा मुलगा, त्याच्या कानाचं काय? ८५ डेसिबलला आठ तास, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असा एक सर्वमान्य हिशेब आहे. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. हळदीची रात्र चार-पाच तासांची असते. पहाटे कानात घूं वाजतं, दुपारपर्यंत थांबतं, म्हणून मुलं ते विसरतात. आतल्या कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ज्या अवयवावर पोट चालवायचं तोच हा अवयव. कानात घालायचे बोळे खोक्यांच्या मानाने कवडीमोल असतात, तरी सुरुवातीच्या खरेदीच्या यादीत ते सहसा नसतात.

प्रत्यक्षात सुरुवात अजूनही जुन्याच वाटेने होते. आधी एखाद्या साऊंडवाल्याकडे खोकी उचलायची, वायर कुठली कुठे लावायची ते शिकायचं, जनरेटरजवळ झोपायचं. मग जेवणाच्या वेळी, कोणी नाचत नसताना, मुख्य डीजे म्हणतो, ‘जरा बघ रे, मी आलोच.’ ती अर्ध्या तासाची सुरुवात. तेव्हा गाणं कुठलं लावायचं ते ठरवता आलं, तर पुढच्या सुपारीला पुन्हा संधी मिळते. खोकी विकत घ्यायचा प्रश्न त्यानंतरचा, आणि पुष्कळ चांगले डीजे ती कधीच घेत नाहीत, दुसऱ्याच्या साऊंडवर वाजवतात.

या मुलांनी अलीकडे तारप्याचा ठेका नव्या गाण्यांत आणला आहे. पालघर-डहाणूकडच्या लग्नांत तो हमखास मागितला जातो. बहुतेकदा तो कीबोर्डवरचा आवाज असतो, कारण त्याचा सूर ठरलेला आणि वेग बांधलेला. खरा तारपा ध्वनिमुद्रित करून वाजवायला गेलं तर संगणक गोंधळतो. प्रत्येक भोपळ्याचा सूर वेगळा, आणि वादक नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वेग चढवत नेतो. त्यामुळे पडद्यावरच्या सरळ रेघांत तो बसत नाही. तो दुसऱ्या गाण्याला जोडायचा असेल तर आपोआप जुळवणारं बटण बंद करावं लागतं, आणि सरकपट्टीवर बोट ठेवून, तारप्यामागे, हातानेच जावं लागतं.