ऐतिहासिक हवाई छायाचित्रांचे मोझेक

ऐतिहासिक हवाई छायाचित्रांचे मोझेक म्हणजे विमानातून फिल्मवर घेतलेली जुनी छायाचित्रे अंकीय स्वरूपात आणून, फोटोग्रामेट्री अर्थात छायाचित्रमापनाच्या संगणकप्रणालीने दुरुस्त करून व जोडून तयार केलेले, नकाशाप्रमाणे मोजमाप घेता येणारे एकसंध चित्र होय. नदीपात्रे, समुद्रकिनारे, हिमनद्या, जंगले आणि वस्त्या यांची पूर्वस्थिती आजच्या स्थितीशी ताडून पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मोझेकमधील चूक भूभागात झालेला बदल म्हणून वाचली जाऊ शकते. त्यामुळे त्याच्या दिसण्यातील सफाईपेक्षा भूमितीय अचूकतेला अधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

सर्वेक्षणासाठीचे हवाई कॅमेरे बहुधा २३ × २३ सेंमी आकाराच्या फिल्मवर चित्र घेत. एका रांगेतील लागोपाठच्या दोन छायाचित्रांत सुमारे ६० टक्के भाग सामाईक ठेवला जाई, त्यामुळे त्रिमितीय दर्शन शक्य होई. १५२ मिमी नाभीय अंतराच्या भिंगाने ३,०४० मीटर उंचीवरून घेतलेल्या चित्राचे प्रमाण १:२०,००० येते आणि त्यात ४.६ किमी बाजूचा चौरस मावतो.

संगणकापूर्वी छापील प्रती कापून फळीवर चिकटवीत. मात्र छायाचित्र हा नकाशा नव्हे. वरील उदाहरणात ३०० मीटर उंचीच्या टेकडीचा माथा चित्राच्या मध्यापासून १० सेंमी अंतरावर उमटला असेल, तर तो फिल्मवर सुमारे १ सेंमी, म्हणजे जमिनीवर जवळजवळ २०० मीटर, बाहेर सरकलेला असतो. हे विस्थापन काढून टाकलेल्या चित्रास ऑर्थोफोटो म्हणतात.

स्कॅनिंग

मूळ निगेटिव्ह उपलब्ध असल्यास छापील प्रतीपेक्षा तीच वापरणे श्रेयस्कर, कारण कागद आकुंचन-प्रसरण पावतो. २० मायक्रोमीटरने स्कॅन केलेल्या चित्राच्या प्रत्येक बाजूस ११,५०० पिक्सेल येतात; १:२०,००० प्रमाणात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरील ४० सेंमी. कार्यालयीन स्कॅनर स्वतःचे विरूपण त्यात मिसळतात, म्हणून छायाचित्रमापनासाठी घडवलेले स्कॅनर वापरले जातात.

चित्राच्या कडा कापून टाकणे हा या कामातील सर्वांत महागात पडणारा नीटनेटकेपणा आहे. कडांवर किंवा कोपऱ्यांत कॅमेऱ्याने उमटवलेल्या फिड्युशियल खुणा असतात. त्यांच्यावरून चित्राचा मध्य आणि फिल्मचे आकुंचन कळते. खुणा गेल्या की प्रत्येक चित्र जणू वेगळ्याच कॅमेऱ्याचे ठरते.

प्रक्रिया

एगीसॉफ्ट मेटाशेप ही व्यावसायिक प्रणाली आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेत विकसित झालेली मुक्तस्रोत मिकमॅक या दोन्ही प्रणाली या कामासाठी वापरल्या जातात. प्रथम फिड्युशियल खुणांच्या आधारे सर्व चित्रे एकाच चौकटीत बसवतात. नंतर काळी किनार झाकली जाते. किनारीवरील घड्याळ, उंचीमापक व अनुक्रमांक प्रत्येक चित्रात त्याच जागी असतात. ते तसेच ठेवले तर प्रणाली त्यांनाच सामाईक बिंदू समजून बसते.

त्यानंतर प्रणाली आच्छादित भागांतील हजारो जोडबिंदू शोधते आणि प्रत्येक छायाचित्र घेताना कॅमेरा कोठे व कोणत्या दिशेने रोखलेला होता ते एकत्रित गणिताने ठरवते. भिंगाचा अंशांकन अहवाल हरवला असेल, तर नाभीय अंतर आणि विरूपणही याच गणितातून काढावे लागते. येथे एक फसवी चूक संभवते. सर्व चित्रे सरळ खाली रोखून घेतलेली असताना विरूपणाचा अंदाज किंचित चुकला, तरी सपाट मैदान घुमटासारखे फुगलेले किंवा बशीसारखे खोलगट निघते. जोडबिंदू मात्र एकमेकांशी उत्तम जुळलेले दिसतात.

हा दोष आवरण्यासाठी भू-नियंत्रण बिंदू लागतात. जुन्या छायाचित्रात आणि आज, दोन्हीकडे निःसंशय ओळखू येईल अशी जागा त्यासाठी निवडतात: जुन्या इमारतीचा कोपरा, पूल, उघडा खडक. रस्त्यांचे छेद सोयीचे वाटतात, पण ते रुंदीकरणात सरकलेले असू शकतात. बिंदू कडेला आणि मध्येही विखुरलेले हवेत. काही बिंदू गणितात न घेता केवळ तपासणीसाठी राखून ठेवले, तरच अचूकतेचा आकडा विश्वसनीय ठरतो.

शेवटी दाट बिंदुसमूहातून भूपृष्ठाच्या उंचीचे प्रारूप तयार होते, त्यावरून ऑर्थोफोटो आणि त्यांतून मोझेक. सांधरेषा व उजळपणा जुळवण्याचे काम प्रणाली बऱ्याच अंशी स्वतः करते. पाणी, बर्फ व दाट छाया असलेल्या भागांत जुळणारे बिंदू कमी सापडतात; तेथील उंची बहुधा अविश्वसनीय असते.

उदाहरणे

स्वित्झर्लंडच्या भूमापन संस्थेने १९४६ च्या अमेरिकी लष्करी उड्डाणांतील छायाचित्रांवरून देशाचे कृष्णधवल ऑर्थोफोटो मोझेक प्रसिद्ध केले आहे. फ्रान्ससाठी १९५० ते १९६५ या काळातील असेच मोझेक आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १९३६ व १९३८ साली विमानातून तिरकी छायाचित्रे घेण्यात आली होती. त्यांच्यावर प्रक्रिया करून संशोधकांनी १,५९४ हिमनद्यांचे तत्कालीन त्रिमितीय स्वरूप उभे केले. हे संशोधन २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९३६ ते २०१० या काळातील ऱ्हासाच्या तुलनेत २१०० पर्यंत तेथील बर्फ दुपटीहून अधिक वेगाने घटेल, असा अंदाज त्यात मांडला आहे.