मे 1956 : रामाकोना ते इतवारी

रामाकोन्याच्या स्टेशनात आज जे दिसतं, ते आधी पुसून टाक. डोक्यावरच्या विजेच्या तारा, मोठ्या लाईनचे रूळ, नागपूरकडे पळणाऱ्या बसचे हॉर्न, सगळं. आता खाली अडीच फुटी रूळ आहेत आणि छिंदवाड्याकडून घाट उतरून येणाऱ्या गाडीची वाट पाहणारी माणसं आहेत. साल 1956, वैशाख चाललाय. तू दहा वर्षांची आहेस, चौथीचा निकाल लागलाय, आणि आज तुम्ही सगळे नागपूरला मामाकडे निघालात.

माय उजाडायच्या आत उठली होती. पोळ्या, कांदे, लोणच्याच्या फोडी असं सगळं एका धोतराच्या फडक्यात बांधलंय. फिरकीचा तांब्या तुझ्या हाती दिलाय आणि सांडलास तर पाहा म्हणून बजावलंय. बाबांच्या काखेत मात्र शिदोरी नाही, लाल फडक्यात बांधलेले कागद आहेत. कन्हानकाठच्या वावराचं भांडण छिंदवाड्याच्या कोर्टातून निघून नागपूरच्या हायकोर्टात जाऊन बसलंय. मामाकडे जायचं, पोरांना शहर दाखवायचं आणि त्याच फेरीत वकिलाला भेटून यायचं, असा बाबांचा बेत.

गाडी येते तेव्हा आधी धूर दिसतो. इंजिन लहान, डबे लहान, पण शिट्टी अशी की धाकटा भाऊ मायच्या पदरात तोंड खुपसतो. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी जाऊन बारा वर्षं होत आली, गेल्या ऑगस्टात रेल्वेचं नाव दक्षिण-पूर्व रेल्वे झालं, तरी फलाटावरचं प्रत्येक माणूस हिला बी.एन.आर.च म्हणतं. थर्ड क्लासच्या डब्यात लाकडी बाकं आहेत. खिडकी तुलाच हवी असते आणि ती मिळते, कारण तू आधी चढलीस.

सौंसर येईपर्यंत डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असतो. "काहून चोळते? चोळू नको," माय म्हणते. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, त्यावर तोंडाची वाफ सोडते आणि गरम झालेलं ते टोक मिटल्या पापणीवर दाबून धरते. असं तीनदा. कण निघतो. तू लगेच पुन्हा डोकं बाहेर काढतेस.

सौंसरला डबा भरतो. जाम सावळीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन परतणारं एक कुटुंब तुमच्या शेजारी येऊन बसतं, त्यांच्या कपाळावर शेंदूर अजून ओला आहे. मोठी माणसं बोलायला लागतात आणि बोलणं दोन वाक्यांत नागपूरवर येतं. नागपूर जाणार म्हणतात. कुठं जाणार? राज्यांच्या फेरवाटणीवरच्या फाजल अली कमिशनचा अहवाल गेल्या सप्टेंबरात आला, त्यात विदर्भाचं वेगळं राज्य सांगितलं होतं. मग मुंबईचं बोलणं निघालं. कोणी म्हणतो विदर्भ होईल, कोणी म्हणतो मुंबईत जाईल. "आन् आपून?" बाबा विचारतात. त्यावर कोणापाशीच उत्तर नसतं.

तुला हे बोलणं कंटाळवाणं वाटतं. पण जरा थांबून ऐक, कारण या प्रवासात याहून मोठं काही नाही. नागपूर आज तुझ्या राज्याची राजधानी आहे. मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल तिथे बसतात, विधानसभा तिथे भरते, हायकोर्ट तिथे आहे. रामाकोन्याच्या माणसाला सरकारदरबारी जायचं झालं की तो याच गाडीत चढतो आणि मराठीत बोलत राजधानीत उतरतो. छिंदवाडा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला हिंदी आणि गोंडी, खाली सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात मराठी. पुढे कागदावर जिल्हे वाटले जाताना हा पट्टा वेगळा काढला गेला नाही, जिल्हा अख्खाच मध्यप्रदेशात राहिला. मला हे आजही खुपतं. भाषेच्या नावावर राज्यं होत होती आणि आपली भाषा बोलणारी ही गावं मोजणीत आलीच नाहीत.

लोधीखेडा जातं. मग केळवद. या दोन स्टेशनांच्या मधे तू खिडकीतून पाहतेस ते फक्त नांगरून ठेवलेलं काळं वावर, एक कोरडा नाला आणि पळसाची झाडं. इथे काही नाही. सहा महिन्यांनी मात्र इथे दोन राज्यांची हद्द असेल.

सावनेर, पाटणसावंगी, खापरखेडा, कोराडी. तू नावं पाठ करत जातेस. पन्नासेक मैलांचा रस्ता, पण छोटी गाडी प्रत्येक ठिकाणी पाणी पिते, दम घेते, आणि इतवारी येते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं.

इतवारीला उतरल्यावर आधी कानांना कळतं की गाव संपलं. हमालांची ओरड, टांग्यांच्या घंटा, सायकल-रिक्षावाल्यांचे भाव. "मस्कासाथ! किती घेशील?" बाबा विचारतात, आण्यांवरून घासाघीस होते, आणि अखेर सगळे टांग्यात. धान्याच्या पोत्यांचा, मिरचीचा, गुळाचा वास एकामागून एक येतो. दुकानांच्या पाट्या मराठीत आहेत, मारवाडी शेठजी मराठीत बोलतो, मोमिनपुऱ्याकडून आलेला रिक्षावाला हिंदीत बोलता बोलता मराठीवर येतो. तुला वाटलं होतं शहरात कोणी वेगळं बोलत असेल. तुझ्यासारखंच बोलतात सगळे.

मामाचं घर चाळीतल्या दोन खोल्यांचं. मामी गूळपाणी देते, आणि तू पाणी पितानाच पाहतेस तो अंगणातला नळ. धाकटा त्याच्यासमोर उकिडवा बसलाय. पितळी तोंड, वर आडवी मूठ. मामेभाऊ मूठ फिरवतो आणि पाणी येतं. रहाट नाही, दोर नाही, घागर बुडवणं नाही. धाकटा हात धरतो, काढतो, पुन्हा धरतो. मामी म्हणते, "पुरे कर रे बाप्पा, पाणी जाईल." नळ काही दिवसभर चालत नाही. पहाटे चारला बायांच्या पाण्याच्या गुंडांची रांग लागते आणि त्या रांगेवरून चाळीत रोज भांडण होतं. हे तुला उद्या कळेल. नागपूरच्या नळांना कन्हानचंही पाणी येतं, तुझ्या गावावरून वाहत खाली कामठीकडे गेलेल्या नदीचं. मोटेने उपसलेलं पाणी आणि हे पाणी, दोन्हींची नदी एकच.

रात्री सगळे माडीवर झोपतात. पहाटे एक लांब, जाड आवाज येतो, तू दचकून उठतेस. "एम्प्रेसचा भोंगा हाय," मामा म्हणतो आणि सदरा चढवतो. 1877 सालच्या 1 जानेवारीला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्या दिवशी, जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली, म्हणून तिचं हे नाव. मामाला राणीशी काही घेणं नाही. भोंग्याच्या आत दारातून आत गेलं पाहिजे एवढंच त्याला ठाऊक. रस्त्यावर सायकलींची रीघ लागलेली तू कठड्यावरून पाहतेस. दुपारी तो परत येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांमागे, मिशीत कापसाची बारीक लव बसलेली असते. तू ती चिमटीत धरून काढतेस. सौंसरच्या बाजारात बाबा गाडीभर विकतात तोच कापूस. त्याचं कापड होताना मात्र तू पाहिलं नाहीस आणि पाहायला मिळणारही नाही, गिरणीत पोरांना सोडत नाहीत.

मग शहर. ऊन उतरलं की मामेभाऊ तुम्हाला महाराजबागेत नेतो. भोसल्यांची ही बाग, 1894 पासून इथे प्राणी ठेवलेत. वाघ पिंजऱ्यात झोपलाय आणि धाकटा रुसतो, कारण वाघाने डरकाळी फोडली नाही.

अजब बंगला मात्र तुझाच. 1863 पासूनचं हे संग्रहालय, बाहेर रणरण आणि आत जाड भिंतींचा गारवा. पेंढा भरलेली जनावरं पाहून गर्दी पुढे सरकते. तू मागे राहतेस, एका काचेच्या पेटीपाशी. आत तांब्याची हत्यारं, चपटी, हिरवट पडलेली, कुऱ्हाडीच्या पात्यांसारखी. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला 1870 मध्ये गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत सापडलेला साठा, तांब्याच्या चारशेहून जास्त वस्तू आणि शंभरावर चांदीचे पत्रे. काही विलायतेला गेला, काही इथे राहिला. तुझ्याच वयाची पोरं असतील. तू काचेला नाक लावून उभी राहतेस, रखवालदार "पोरी, हात नको लावू" म्हणेपर्यंत. नोव्हेंबरात गुंगेरिया एका राज्यात असेल आणि त्याची हत्यारं दुसऱ्यात. आजही तशीच आहेत.

दुसऱ्या सकाळी बाबा तुला एकटीला सोबत घेतात. कोर्टाला उन्हाळ्याची सुटी आहे, वकीलसाहेब धंतोलीतल्या घरी भेटतात. तू ओट्यावर बसतेस, आतून आवाज येतात. तारीख पावसाळ्यानंतर. पुढचं काही सांगता येत नाही, कोर्टच कुठे राहील ते ठरू द्या. बाबा बाहेर येतात तेव्हा लाल फडक्याची गाठ आणखी घट्ट झालेली असते.

"चाल, तुले हायकोर्ट दाखवतो."

सिव्हिल लाईन्सच्या रस्त्यांवर सावली आहे, बंगले आत लांब आहेत, आणि माणसं कमी. मग ती इमारत येते. 1940 साली उघडलेली, वालुकाश्माची, मधोमध घुमट. तू एवढी मोठी इमारत कधी पाहिली नाहीस. फाटक बंद आहे. बाबा फाटकाच्या सळईला हात लावून उभे राहतात. ते कधी कशाबद्दल फार बोलत नाहीत, पण आता बोलतात. आपलं वावर, आपल्या आज्याने तोडलेली झुडपं, विहिरीला लागलेला पैसा, ते सगळं या घुमटाखाली कुणीतरी वाचणार आहे. तुला त्यातलं अर्धं कळतं. एवढं नक्की कळतं की बाबांना ही इमारत आपली वाटते.

परतताना तुम्ही लांबच्या वाटेने येता, लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानाकडून. वाळकं गवत, दोन गाई, क्रिकेट खेळणारी पोरं. पाच महिन्यांनी, 14 ऑक्टोबरला, याच मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध धम्माची दीक्षा घेतील आणि पांढऱ्या कपड्यांतल्या लाखो माणसांनी नागपूरचे रस्ते भरून जातील. त्यानंतर साठच्या दशकात जपानहून एक तरुण भिक्खू, सुरई ससाई, या शहरात येऊन राहील आणि इथल्याच इंदोऱ्याचा होऊन जाईल. 1999 मध्ये जपानी दानातून कामठीला ड्रॅगन पॅलेसचं बुद्धविहार उभं राहील. तुझी नातवंडं उन्हाळ्याच्या सुटीत रामाकोन्याहून नागपूरला येतील तेव्हा तेच पाहायचा हट्ट धरतील. आत्ता मात्र बाबा म्हणतात, "चाल लवकर, ऊन लागंल."

शेवटच्या दिवशी इतवारीत खरेदी. मायला लुगडं, तुला परकराचं छिटाचं कापड, आजीला वाळ्याचा पंखा. माय दुकानदाराने फेकलेलं प्रत्येक लुगडं उलटून काठाची मागची बाजू पाहते आणि सातवं घेते. परतीच्या गाडीपाशी मामा येतो, धाकट्याच्या हातात बत्तासे कोंबतो. "बाई, दिवाळीले या बरं. भाऊजी, याच."

आणि तुम्ही जाता. हेही पाहून घे, कारण त्या दिवाळीसारखी दिवाळी पुन्हा आली नाही. 1 नोव्हेंबर 1956, ऐन सणाचे दिवस. मध्यप्रदेशची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला गेलं, नागपूर मुंबई राज्यात गेलं. तीच गाडी, तीच बाकं, खिडकी पुन्हा तुझी. लोधीखेडा मागे पडतं आणि डब्यातला कोणी तरी म्हणतो, "आता लागलं मुंबई राज्य." सगळे वाकून बाहेर पाहतात. कपाशी फुटलीये, या बाजूलाही आणि त्या बाजूलाही.

हद्द पडली म्हणून नागपूरला जाणं काही थांबलं नाही. दवाखान्याला मेडिकल, लग्नाच्या बस्त्याला इतवारी, कॉलेजला नागपूर, असंच पुढे चालत राहिलं. छोटी लाईन 2015 च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली, मोठी लाईन आली. सौंसर आणि पांढुर्णा छिंदवाड्यातून निघून 5 ऑक्टोबर 2023 ला वेगळा जिल्हा झाला. पोरंबाळं अजूनही नागपूरचीच मराठी ऐकतात. पण शाळेची पाटी, तहसिलीचा अर्ज, कोर्टाचा कागद हिंदीत आला, आणि ज्याला आपली तक्रार आपल्या बोलीत सांगायची होती त्याची जीभ तिथे अडखळू लागली. त्या पिढीचं हे नुकसान कोणी मोजलं नाही.

दिवाळीच्या त्या मुक्कामात बाबा वकीलसाहेबांकडून कागद परत घेऊन येतात. माडीवर पणत्या लावून झाल्यात, मामा ओट्यावर विडी ओढतोय. बाबा तुला हाक मारतात, कारण घरात स्टेशनं तुलाच पाठ. "जबलपूरले कसं जाचं, सांग बरं." तू छिंदवाड्यापर्यंत सांगतेस आणि अडतेस. मामा पुढची नावं घालतो. सिवनी. नैनपूर, तिथे गाडी बदलायची. मग जबलपूर. छोटीच लाईन आहे शेवटपर्यंत. बाबा तिन्ही नावं दोनदा म्हणून घेतात, मग तुझ्या दप्तरातली पेन्सिल मागतात आणि लाल फडक्यातल्या सगळ्यात वरच्या कागदाच्या पाठीवर ती लिहून ठेवतात.