काण्डारोपण आणि गुटी-कलम

बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायाच्या आधारें गुटी-कलम आपल्याकडे प्राचीन काळापासून चालत आलें आहे, असें विधान पुष्कळदां वाचण्यांत येतें. मूळ ग्रंथाशीं त्याचा मेळ कितपत बसतो, हें येथें पाहावयाचें आहे.

इसवी सनाच्या ६ व्या शतकांतील वराहमिहिरानें फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादि झाडांस 'काण्डारोप्य' म्हटलें आहे. त्यांचें काण्ड शेणानें लिंपून लावावें, अथवा छेदलेल्या मुळावर किंवा खोडावर बसवावें, असें तो सांगतो. पैकीं पहिली क्रिया फांटे-कलमाची व दुसरी जोड-कलमाची, हें उघड आहे.

गुटीची रीत निराळी. पावसाळ्यांत शिसपेन्सिलीएवढ्या जाड फांदीची सुमारें १ इंच साल वळ्यासारखी सोलून तेथें ओलें शेवाळ किंवा माती बांधतात. पानांत तयार झालेलें अन्न सालींतून उतरतांना तेथें अडतें व वळ्याच्या वरच्या कडेस मुळें फुटतात. मग फांदी खालून तोडून लावतात. म्हणजे काण्डारोपणांत छेद आधीं, मुळें नंतर. गुटींत मुळें आधीं, छेद नंतर. हा क्रमभेद आमच्या मतें निर्णायक आहे. साल सोलणें व माती बांधणें यांचा त्या अध्यायांत निर्देश नाहीं. केवळ शेणाच्या लेपावरून गुटी सिद्ध होत नाहीं.

'गुटी' शब्द 'गुटिके'शीं संबद्ध, म्हणून क्रियाहि प्राचीन, हा युक्तिवादहि लंगडा आहे. 'कलम' शब्द फारसींतून आला. परंतु जोडण्याची क्रिया वराहमिहिरास ठाऊक होती. सारांश, शब्दाचें वय तें क्रियेचें वय नव्हे.

छाटणीविषयींहि हाच विवेक हवा. फांद्या सुकणें, रस गळणें इत्यादि रोगांवर प्रथम शस्त्रानें शोधन, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप आणि दूधपाण्याचें सिंचन सांगितलें आहे. ही चिकित्सा होय. झाडास आकार देण्यासाठीं निवडक फांद्या राखण्याची आजची छाटणी नव्हे. तथापि फांद्यांकडे त्याचें लक्ष नव्हतें असें नाहीं. अजातशाख रोपें शिशिरांत, जातशाख हेमंतांत व सुस्कंध वर्षारंभीं, मूळची दिशा राखून, हलवावीं असें तो म्हणतो. दोन झाडांतील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ. कारण परस्परांस भिडलेलीं व मुळें गुंतलेलीं झाडें नीट फळत नाहींत. हें निरीक्षण खरोखर मोलाचें आहे. त्यास गुटीचें उसनें भूषण नको.

गुटीचा प्राचीन उल्लेख कोठेंच नसेल, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची ऑक्सफर्ड येथील पोथी मुद्रित होण्यास फार काळ लागला. वैद्यक व ज्योतिषाच्या बाडांत अशीं सुटीं पानें असणें संभवनीय आहे. संग्राहकांनीं तीं तपासावीं, आणि साल सोलून मुळें फुटल्यावर फांदी तोडण्याचा स्पष्ट विधि आढळल्यास पत्रांक व मूळ पाठासह प्रसिद्ध करावा. तसा पाठ मिळाल्यास वादाचा निकाल लागेल. तोंवर मौन हेंच प्रमाणाला धरून होईल.