दाखले चुलीत घातल्यावर

परवा नाशिकला ताईकडे जाऊन आले. भाच्याला पाचवीनंतर शाळेतून काढलं, त्याला आता चार महिने होतील. पोरगा मजेत आहे, घर मात्र अजून शाळेतच आहे! फ्रिजवर वेळापत्रक, सकाळी सातला हाक आणि भाऊजींचा रोजचा प्रश्न, "आज काय शिकलास?" आबांना वाटतं, पोराचं नाव गेलं. "अहो आबा, दहावी १७ नंबरच्या फॉर्मनं देता येते," हे मी त्यांना समजावत होते, आणि मनात विनोबांच्या आईची गोष्ट घोळत होती.

विनोबा म्हणजे तेव्हाचा विनायक, बडोद्यातल्या मराठी घरातला थोरला मुलगा. एके दिवशी हा चुलीपाशी बसून आपली सर्टिफिकिटं जाळत होता. आईनं विचारलं, हे काय? म्हणाला, मला आता यांची गरज नाही. त्यावर ती इतकंच म्हणाली, की आज नसेल गरज, पण ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं? रागावली नाही की हातातून ओढूनही घेतली नाहीत. पुढे मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. वडिलांना पत्र टाकलं, की परीक्षेला जात नाही. जूनमध्ये तो कोचरबच्या आश्रमात पोचला, तेव्हा मुलगा आपल्याकडे आहे हे वडिलांना खुद्द गांधीजींनी कळवलं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. १९१७ साली वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला गेले. फेब्रुवारी १९१८ मध्ये गांधीजींना पत्र लिहून त्यांनी वर्षाचा हिशेब दिला. उपनिषदं, ब्रह्मसूत्रं वाचली, मुलांना गीता शिकवली, ४०० मैल पायी फिरून किल्ले पाहिले, आणि वाचनालयासाठी पैसे उभे करायला जात्यावर दळण दळलं. प्रगतीपुस्तकच ते, फक्त स्वतःचं स्वतः भरलेलं.

विनोबा वीस वर्षांचे होते आणि माझा भाचा अकराचा, हे मला कळतं. घरानं किंमतही मोजली. १९१८ मध्येच आई गेली, आणि बाळकोबा, शिवाजी हे धाकटे भाऊही पुढे त्याच वाटेनं गेले. वडिलांना काय वाटलं असेल?

शाळा न घालता मुलांना वाढवण्याला अमेरिकेत जॉन होल्टनं १९७० च्या दशकात 'अनस्कूलिंग' म्हटलं. अशा घरांतून एक ठोकताळा चालत आलाय: शाळेत काढलेल्या दर वर्षामागे एक महिना तरी मुलाला मोकळं सोडावं, तेवढ्यात शाळा अंगातून उतरते. भाच्याचे पाच महिने संपतच आलेत. पण ताई आणि भाऊजी? दोघांनी शाळा-कॉलेजात पंधरा-पंधरा वर्षं काढली. त्या हिशेबानं त्यांना सव्वा वर्ष लागणार!

ताईला मी तेच सांगितलं. फ्रिजवरचं वेळापत्रक काढ, आणि सव्वा वर्ष स्वतःला दे. पोराची घाई नाही, तुमचीच आहे. दाखला मात्र जपून ठेव. विनोबांची आई काही खोटं बोलली नव्हती.

असो. आबांना अजून पटलेलं नाही. पण काल फोनवर म्हणाले, "पोराला म्हणावं, रामशेजला जाऊ एकदा. किल्ला दाखवतो."